सुक्याबरोबर ओलं

रिपोर्टच्या दिवशी मिस्त्री एका जागी बसत नसे. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राही आणि त्याची बायको दोघांच्या फायली मांडीवर घेऊन बाकावर बसून राही.

"टेक ना जरा. फरशी झिजेल," ती म्हणायची.

"झिजू दे. माझ्या बापाची थोडीच आहे."

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, नाहीतर लिफ्टखालच्या खड्ड्यात. त्यांची ओळखही लिफ्टमुळेच झाली होती. याच दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत ती एकटी होती. बाहेर नवीनच नाव नोंदवलेला, हाडांचा सापळा झालेला एक माणूस रांगेत होता. तो उठला, शिपायाकडून किल्ली मागून घेतली आणि दार उघडलं. "बाई, खाली बघू नका, माझ्याकडे बघा," तो म्हणाला. ती बघत राहिली आणि पुढे यथावकाश लग्न झालं. एचआयव्ही दोघांनाही होता, गोळ्याही दोघांच्या त्याच, त्यामुळे एकमेकांपासून लपवायचं काही नव्हतं. लग्नानंतरही ती त्याला मिस्त्रीच म्हणायची. ती स्वतः एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची.

त्या दिवशी आधी तिला आत बोलावलं. तिच्या रक्तातल्या, आजाराशी लढणाऱ्या पेशी भरपूर होत्या, नेहमीसारख्या. समुपदेशक बाई खूश झाल्या. मग त्यालाही बोलावून त्याची फाईल उघडली आणि त्यांचं तोंड उतरलं.

"अजून दीडशेच्या आतच?" त्या म्हणाल्या. "गोळ्या सुरू करून इतका काळ झाला. यांच्या बघा, कशा वर गेल्या. खरं सांगा, चुकतात ना गोळ्या?"

"नाही."

"एखाद्या वेळी? कामाच्या गडबडीत?"

"नाही हो बाई."

"हे बघा, माझ्याशी खोटं बोलून तुमचंच नुकसान आहे."

मिस्त्री उभाच होता. त्याने टेबलाच्या कडेवर बोटं वाजवली, मग थांबवली. "रक्तात विषाणू किती आहे ते मोजायची टेस्ट असते म्हणे. ती करा. म्हणजे कळेल कोण खोटं बोलतंय ते."

टेस्ट व्हायलाच हवी होती, पण एकदा नमुना वाटेत खराब झाला होता आणि नंतर यंत्रच बंद पडलं होतं. बाईंनी त्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला लावलं. रिपोर्ट दुसऱ्या शहरातून येणार होता, वेळ लागणार होता. तोवर हातात होता तो एकच आकडा, आणि तो आकडा मिस्त्रीच्या विरुद्ध साक्ष देत होता.

घरी सासू वाट बघत होती.

ही सासू मिस्त्रीची आई नव्हे. ती त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची आई. मुलगा गेला, सून राहिली, आणि दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. सुनेने दुसरं लग्न करायचं ठरवलं तेव्हा सासू म्हणाली, "कर. पण मी कुठे जाणार नाही, आधीच सांगते." मिस्त्री म्हणाला, "तुम्ही कुठे जाऊ नका, मला आई नाहीये." झालं, जमलं. तरी त्याला काय म्हणावं हे सासूला कधी ठरवता आलं नाही. मुलगा म्हणवत नव्हतं आणि जावई म्हणावं तर घरात मुलगी नव्हती, सून होती. शेवटी तीही मिस्त्रीच म्हणू लागली, आणि अहोजाहो करू लागली.

जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला असल्याने तिचा कान भारी होता. दोघं जिन्यावर असतानाच त्यांच्या चालीवरून तिला समजलं.

"वाढल्या नाहीत," ती दार उघडून म्हणाली.

"नाही वाढल्या," सून म्हणाली.

सासूने चहा ठेवला. पाणी उकळून आटायला आलं तरी तिला पत्ती टाकायचं भान नव्हतं. मग पाठमोरीच म्हणाली, "धाकटाही असंच म्हणायचा. घेतोय, घेतोय."

धाकटा म्हणजे तिचा गेलेला मुलगा. तेव्हा ही औषधं नुकतीच मिळायला लागली होती. नवरा-बायकोने एकाच दिवशी गोळ्या सुरू केल्या. सून सुधारत गेली, धाकटा जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाले, हा गोळ्या घेत नाही. त्यातच एकदा झाडताना सासूला सोफ्याखाली एक गोळी सापडली. एकच. पण तिला पुरेशी होती. तिने धाकट्याला सळो की पळो करून सोडलं. रोज समोर बसवून गोळी घ्यायला लावली, गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावलं. तरी पेशी वाढल्या नाहीत, तेव्हा तिने मानलं की हा बाथरूममध्ये जाऊन ओकून टाकत असणार. शेवटी मेंदूत ताप गेला आणि तो गेला. "माझ्या पोराने स्वतःच्या हाताने स्वतःला मारलं," असं ती पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि बघतो तर सासू समोर उभी.

"आ करा."

"काय?"

"तोंड उघडा. जीभ वर करा."

मिस्त्री हसला. त्याने मोठा आ वासला, वर डोळेही फिरवले. "दातही मोजून घ्या आई, दोन कमी आहेत." सूनही हसली. सासू मात्र हसली नाही.

आठवडाभर हे चाललं. मग मिस्त्रीचं हसू गेलं. तो सकाळी उठला की आधी खिडकीशी जायचा, मग दाराशी, मग पुन्हा खिडकीशी. गोळी घ्यायची वेळ जवळ आली की त्याच्या मानेवर घाम यायचा. एकदा पाण्याचा घोट अडकून ठसका लागला तर सासू म्हणाली, "खाली पडली का? उचला." पडली नव्हती. तरी तो गुडघ्यावर बसून टेबलाखाली शोधत राहिला. नसलेली गोळी.

हळूहळू त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडत चालला. कामावर असताना मध्येच त्याला वाटायचं, आज घेतली ना? घेतली. नक्की? पाण्याची चव आठवायची, सासूचा चेहरा आठवायचा, पण तो कालचा की आजचा? एकदा ब्रेकची पट्टी बदलून झाल्यावर पाना आतच विसरला आणि बरोबरच्या कारागिराने आरडाओरडा केला. "डोकं कुठेय तुझं? माणसं बसतात आत!"

सुनेचीही झोप उडाली होती. ती सासूइतकी उघड नव्हती, पण दुकानात काच घासताना तिचं लक्ष लागत नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच तिने उजवीकडे बसवली. तिच्या मनात एकच घोळत होतं: त्याच गोळ्या, तेच घर, एकच फरक. मी घेते. मग तो?

एका संध्याकाळी मिस्त्री आंघोळीला गेला असताना तिने त्याची बाटली पलंगावर पालथी केली. मोजून होतायत न होतायत तोच दार उघडलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता.

"किती निघाल्या?" त्याने विचारलं.

तिने पलंगावरच्या गोळ्यांवर हात ठेवला.

"सांग ना. बरोबर आहेत का?"

"बरोबर आहेत."

"मग आता म्हणशील, रोज एक काढून गटारात टाकतो."

"मी असं म्हटलं नाही."

"आईंचं समजू शकतो. त्यांचं पोरगं गेलंय. पण तू पण?" तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गोळ्या एकेक करून बाटलीत भरल्या, बाटली खिशात टाकली, शर्ट चढवला आणि चपला घालून बाहेर पडला. जिन्यावर त्याची पावलं एकदाही अडखळली नाहीत.

"पळाला," सासू स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आई, तुम्ही गप्प बसा," सून म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच असं बोलली होती. सासू खरोखरच गप्प बसली.

तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये राहतोय हे दोन दिवसांत कळलं. सुट्टीच्या दिवशी सून शोधत गेली. तो एका कचेऱ्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मशीनरूममध्ये होता. गच्चीवर वारा सुटला होता, मशीनरूमचा पत्र्याचा दरवाजा आपटत होता. आत तेलाचा वास, मोठं चाक, त्यावरून खाली गेलेल्या जाड तारा. मिस्त्री फडक्याने एकेक तार पुसून बघत होता, कुठे केसासारखा बारीक धागा तुटून बाहेर निघालाय का.

"घरी चल," ती म्हणाली.

"रिपोर्ट आल्यावर."

"रिपोर्टचं काय घेऊन बसलास? माझा विश्वास आहे."

"नाही. तो विश्वास रिपोर्ट आल्यावर येईल." त्याने फडकं झटकलं. "तुला सांगू, मला एकेकदा वाटतं, खरंच गोळ्या सोडल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान तुमचं म्हणणं तरी खरं ठरलं असतं. आता मी घेतोय, आणि तरी खोटा. हे कुठे नेऊन ठेवू?"

ती दारातच उभी राहिली. वाऱ्याने दार तिच्या पाठीवर आपटलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुझ्या पहिल्या नवऱ्यावर तरी विश्वास ठेवला होतास का?"

तिला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मी सुधारत होते ना. मला वाटायचं, मी सुधारते म्हणजे औषध खरं आहे, म्हणजे हाच खोटा."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा तारेकडे वळला. पण तिला जा म्हणाला नाही. ती मग उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली, आणि त्याचं काम होईपर्यंत बसून राहिली.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वतः फोन केला. मिस्त्री वर्कशॉपमधून थेट आला, सून दुकानातून. सासू कोणी न बोलावताच आली होती आणि सगळ्यात पुढे बसली होती.

डॉक्टरबाई उतारवयाच्या, भारदस्त आवाजाच्या. त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं, "तुमच्या रक्तात विषाणू सापडत नाही. म्हणजे यंत्राला दिसेल इतकासुद्धा नाही. गोळ्या न घेणाऱ्या माणसाचं असं होत नाही. तुम्ही नियमित घेताय, आणि औषध त्याचं काम चोख करतंय."

मिस्त्री खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याने हात सोडले आणि पुन्हा धरले. सुनेने त्याच्या बाहीला हात लावला, तो त्याने झिडकारलाही नाही आणि धरलाही नाही.

"मग पेशी का नाही वाढत?" सासूने विचारलं. आवाज चढला होता. "विषाणू नाही तर मारतंय कोण त्यांना?"

"चांगला प्रश्न आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं, विषाणू पेशीत शिरतो आणि तिला मारतो. तसंही होतं. पण या आजारात ज्या पेशी मरतात ना, त्यातल्या बहुतेकींमध्ये विषाणू शिरलेलाच नसतो. त्या नुसत्या आजूबाजूला असतात. शरीर सतत लढाईच्या तयारीत, सगळीकडे धोक्याची घंटा चालू. पेशींना पुन्हा पुन्हा हाक जाते, त्या दमतात, आणि मग त्यांना आतूनच हुकूम सुटतो, आता मर. प्रत्येक पेशीत तसा एक हुकूम असतोच. एरवी तो कामाचाच असतो. इथे तो नको तितका सुटतो."

"म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळतं," सासू म्हणाली.

"अगदी तसंच. औषधाने विषाणू दाबला की घंटा हळूहळू बंद होते, मरणं कमी होतं, पेशी भरून येतात. यांचं तसं झालं." त्यांनी सुनेकडे बोट दाखवलं. "पण काहींच्यात आग विझूनही धग राहते. खास करून जे फार उशिरा आले त्यांच्यात. तोवर आतड्याचं अस्तर खराब झालेलं असतं, त्यातून जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. पेशी जिथे वाढतात त्या अंगातल्या गाठींमध्ये व्रण पडलेले असतात, नव्या पेशींना वाढायला जागा राहत नाही. विषाणू दबला तरी पेशी मरत राहतात. पूर्वीपेक्षा कमी, पण मरतात. यात या माणसाचा काडीचा दोष नाही."

मग सासू म्हणाली, "माझ्या धाकट्याच्या पेशीही वाढल्या नव्हत्या."

सुनेने मान खाली घातली.

"त्याचंही असंच असेल का?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "त्याच्या विषाणूची टेस्ट झाली होती का?"

"तेव्हा अशी टेस्ट नव्हतीच. पेशी मोजायचे, आणि वाढल्या नाहीत की म्हणायचे गोळ्या खात नाही."

"मग मी सांगू शकत नाही, आई. असेलही, नसेलही. ज्यांच्या पेशी वाढत नाहीत, त्यातले काही खरंच गोळ्या चुकवतात. काही नाही चुकवत. टेस्टशिवाय दोघं सारखेच दिसतात."

"पण असू शकेल."

"असू शकेल."

सासू उठली आणि नमस्कार न करता, पिशवी न घेता बाहेर गेली.

दोघांना वाटलं, बाथरूमला गेली असेल. वेळ झाला तरी येईना तेव्हा शोधाशोध सुरू झाली. सून खाली फाटकाकडे धावली, मिस्त्रीने मजले पालथे घातले. सासू त्याला वरच्या मजल्यावर सापडली, जिथे रुग्ण नसतात, नुसत्या मोडक्या खाटा आणि सलाइनचे स्टँड ठेवलेले असतात. त्या खाटांच्या मधून ती भराभर चालत होती, भिंतीपर्यंत जाऊन परत फिरत होती. अगदी मिस्त्री रिपोर्टच्या दिवशी चालायचा तशी.

"आई."

ती थांबली नाही. "त्यालाही मी आ करायला लावायचे. तीस वर्षांचा बाप्या माणूस. एकदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तर मी म्हटलं, नाटकं करू नकोस."

तिची समजूत घालायची, खरं सांगायचं तर, मिस्त्रीला इच्छा नव्हती. राग अजून पोटात होता. "मलाही लावलंत," तो म्हणाला.

"हो. लावलं." ती त्याच्यासमोर येऊन थांबली. आजवर त्याला अहोजाहो करणारी सासू म्हणाली, "पण तू चपला घालून निघून गेलास रे. त्याला जायला जागा नव्हती."

मग ती एका मोडक्या खाटेवर बसली. खाट करकरली आणि एका बाजूला झुकली, तसा मिस्त्रीने पटकन दुसऱ्या बाजूला बसून तोल सांभाळला. तिथे बसूनच तिने सांगितलं की तिला एक मोठी मुलगीही आहे. भावाच्या मातीच्या दिवशी ती मुलगी आईला म्हणाली होती, तू त्याचा जीव खाल्लास, तो घेत होता गोळ्या, मला सांगायचा. आईने तिला दार दाखवलं. तेव्हापासून दोघींत शब्द नाही.

"ती म्हणत होती ते खरं होतं का?" सासूने विचारलं.

"मला काय माहीत, आई. डॉक्टरलाही माहीत नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही."

त्यावर ती रडली. मिस्त्रीने तिला रडू दिलं.

मिस्त्री घरी परत आला, पण पहिल्यासारखा नाही. गोळ्यांची बाटली तो कामाच्या पिशवीत ठेवायचा आणि गोळी बाहेरच घ्यायचा, कधी एखाद्या गच्चीवर, कधी चहाच्या टपरीवर. घरात कोणी विचारत नसे. सुनेला ते लागायचं, पण ती बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "माझ्यावर किती दिवस राग धरणार आहेस?" तो म्हणाला, "धरलेला नाही गं. जातच नाहीये. जाईल."

डॉक्टरबाईंनी त्याला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. ज्यांच्या पेशी वाढत नाहीत त्यांच्यावर तिथे अभ्यास चालू होता. तो रक्त देऊन आला आणि पुढे त्याला निकाल बघायला बोलावलं. सुनेला दुकानातून सुट्टी मिळेना. "मी येते," सासू म्हणाली, आणि तो नको म्हणाला नाही.

प्रयोगशाळेतली संशोधक तरुण होती, घाईघाईने बोलणारी, पण माणसाकडे बघून बोलणारी. तिने पडद्यावर ठिपक्यांचा एक ढग दाखवला. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. मरायला निघालेल्या पेशीचं आवरण उलटं होतं, आतली बाजू बाहेर येते, आणि तिथे एक रंग चिकटतो, असं तिने सांगितलं. रंग चिकटलेले ठिपके उजवीकडे जातात.

"हे तुमचं आताचं रक्त. आणि हे गोळ्या सुरू करायच्या आधीचं."

"आधीचं? ते कुठून आणलंत?" मिस्त्रीने विचारलं.

"दवाखान्यात पहिल्या दिवशी तुम्ही सही दिली होती. तुमच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या."

मिस्त्रीला सही आठवत नव्हती. त्या दिवसांत त्याला फार वेळ उभं राहायचीही ताकद नव्हती. तो पडद्याजवळ गेला. आधीच्या चित्रात उजवीकडे दाटी होती, जत्रेसारखी. आताच्या चित्रात उजवीकडे ठिपके होते, पण विरळ.

"निरोगी माणसाच्या उजवीकडे याहूनही कमी असतात," ती म्हणाली. "म्हणजे धग आहे. पण आधीच्याशी तुलना केली तर हे बघा. औषधाने मरणं थांबवलं नाही, पण खूप कमी केलं. आकडा वाढला नाही म्हणून वाटतं काहीच झालं नाही. ते खरं नाही."

"यावर दुसरं औषध?"

"खात्रीने उपयोग होतो असं आज तरी नाही. बरीच करून बघितली लोकांनी. उगाच आशा लावत नाही. या गोळ्या चालू ठेवायच्या, इतर आजार होऊ नयेत म्हणून जी जास्तीची गोळी दिलीय तीही घ्यायची, आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही. काहींच्या पेशी फार उशिरा, सावकाश वाढतात."

सासू इतका वेळ पडद्याकडे बघत होती. "माझ्या मुलाचं रक्त नसेल ना कुठे ठेवलेलं?"

संशोधकाने किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते विचारलं, आणि मान हलवली. "तेव्हा इथे कोणी ठेवत नव्हतं."

"विचारून बघितलं आपलं," सासू म्हणाली.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. मिस्त्री खिडकीशी बसला आणि, सासूच्या लक्षात आलं, तो पाय हलवत नव्हता. दोन थांबे गेल्यावर तो म्हणाला, "उजवीकडचे कमी झालेत, नाही?"

"पुष्कळ कमी झालेत," सासू म्हणाली. "मी बघितले ना."

थंडीत त्याला ताप आला. पहिल्याच दिवशी सुनेने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. फुप्फुसाला सूज होती. लवकर सापडल्यामुळे निभावलं, पण बरेच दिवस वॉर्डात काढावे लागले. दिवसा सासू बसायची, संध्याकाळी सून. त्याच्या हातात सुई असल्याने गोळ्या भरवाव्या लागायच्या. सून गोळी त्याच्या जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची आणि लगेच खिडकीबाहेर बघायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, बाहेर काय बघतेस? ठसका लागला तर?" ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला वाटलं मिस्त्री गेला, आणि तो मोठ्याने नर्सला हाका मारू लागला. त्या गोंधळात दोघंही हसले, पोट धरून, मिस्त्रीला खोकला येईपर्यंत.

घरी आल्यावर त्याने बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. पुढच्या तपासणीत पेशी दोनशेच्या जरा वर गेल्या, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा थोड्या खाली आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, चालायचंच.

सासूचं मात्र चालत नव्हतं. तिला एका जागी बसवेना. कपड्यांच्या घड्या घातलेल्या मोडायची, पुन्हा घालायची. एका रविवारी दुपारी तिने फोन उचलला, नंबर पाठ होताच, आणि मुलीला लावला. सून आणि मिस्त्री बाहेरच्या खोलीत होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"मी बोलतेय. ठेवू नकोस." एक्स्चेंजमधला तो स्वच्छ, एका पट्टीतला आवाज. "ऐक. धाकटा गोळ्या घेत असेल. नक्की सांगता येत नाही. पण घेत असेल, आणि तरी पेशी मरत असतील. असं होतं म्हणे. मी बघून आले. तू म्हणत होतीस ते मी ऐकायला हवं होतं."

बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग फोन खाली ठेवला.

"लाईन कटली का?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही. तिने ठेवला. मला फरक कळतो." ती उठून आत गेली. "म्हणाली, आता मला सांगतेस, त्याला कोण सांगणार?"

पुढच्या रविवारी तिने पुन्हा लावला. मुलीने उचलला, दोन वाक्यं बोलली, ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारीही. असं करत करत, उन्हाळ्याच्या तोंडावर, मुलगी दोन दिवसांसाठी आली. आईसारखीच ताठ, आईसारखाच आवाज. आल्याआल्या तिने भावाचा फोटो कुठे लावलाय ते बघितलं आणि इतक्या उंचावर कशाला लावलाय यावरून पहिलं भांडण काढलं. मग जेवणावरून, मग आईच्या औषधांवरून, मग दार दाखवलं त्या दिवसावरून. स्वयंपाकघरात दोघींचे आवाज इतके चढले की शेजारची बाई जिन्यात येऊन उभी राहिली.

सून मध्ये पडायला उठली. मिस्त्रीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "बोलतायत."